वरण फसफसलं नाही

हे सांगायचं मी बरीच वर्षं टाळलं. भंडाऱ्याचा विषय निघाला की मला एकदम काहीतरी काम आठवायचं. कधी नळ चालू राहिल्याचा भास व्हायचा, कधी बाहेर कोणी हाक मारल्याचा. घरच्यांना वाटतं, त्या दिवशीच्या धावपळीचा मी धसका घेतला आहे, म्हणून तेही माझ्यासमोर बोलत नाहीत. बैठकीच्या भिंतीवर माझा एक फोटो आहे, वर्तमानपत्रातून कापून चौकटीत बसवलेला. त्यात मी खाटेवर पडलो आहे, हाताला सलाईन आहे आणि गळ्यात शिट्टी. खाली छापलं आहे, ‘उपाशीपोटी राबले क्रीडाशिक्षक’. त्यातला ‘क्रीडाशिक्षक’ एवढा शब्द खरा आहे.

आमचं गाव समुद्रपूर तालुक्यात, गिरडकडे जाणाऱ्या रस्त्याला. हनुमान जयंतीला गावात भंडारा होतो. आजूबाजूच्या गावचे लोक येतात, गिरडच्या टेकडीवर दर्ग्याला निघालेले लोकही वाटेत गाडी थांबवून जेवून जातात. तू कोण, कुठचा, हे विचारायची आमच्याकडे रीत नाही. बसला की पत्रावळ मांडायची. जेवणही ठरलेलं: वांग्याची भाजी, वरण, भात, पोळी, बुंदी. ज्याच्या शेतात जे पिकतं ते तो देतो. कोणी गहू, कोणी तांदूळ, कोणी जळतण. वांगी मात्र वर्षानुवर्षं एकाच घरची.

ते घर माझ्या वर्गमित्राचं. प्राथमिक शाळेत आम्ही एका पट्टीवर बसलो. पुढे तो बापाच्या भाजीच्या वाडीत गेला आणि मी पीटीचा सर झालो. सगळं गाव मला ‘सर’ म्हणतं. तो एकटा ‘मास्तर’ म्हणायचा, आणि त्या शब्दात आदर किती आणि चिमटा किती हे मला शेवटपर्यंत मोजता आलं नाही. त्याच्याकडे आईच्या वेळचं वांग्याचं बी होतं. जांभळ्यावर पांढऱ्या रेघा, देठाला बोटात रुततील असे काटे, आणि शिजल्यावर साल मऊ. दरवर्षी तो वाफ्यातली चांगली वांगी बियासाठी झाडावरच पिवळी होऊ द्यायचा आणि ते बी राखेत घालून मडक्यात ठेवायचा. भंडाऱ्याला वांगी द्यायचा त्याच्या आईचा नवस होता. आई गेल्यावर तो त्याने स्वतःकडे घेतला. बाजारात त्याला ‘भंडाऱ्याचे वांगेवाले’ म्हणत, तेव्हा तो असा उभा राहायचा जसा काही कोणी त्याच्या छातीला बिल्ला लावला आहे.

कोरोनाच्या काळात भंडारा बंद राहिला. तो सुरू व्हायचा ठरला तेव्हा सगळ्यांच्या अंगात एकदम आरोग्य शिरलं होतं. गर्दी किती होईल याचा अंदाज नव्हता. तालुक्याला यात्रा आणि मोठ्या कार्यक्रमांच्या नियोजनाचं एक शिबिर झालं. गावातून कोणाला पाठवायचं म्हटल्यावर माझं नाव निघालं, कारण माझ्याकडे शिट्टी होती आणि वेळ होता.

शिबिर चांगलं झालं. दोष शिबिराचा नाही, हे आधीच सांगतो. तिथल्या वक्त्यांनी सांगितलं की गर्दी ही पाण्यासारखी असते, तिला एक दिशा द्या. आत यायचा रस्ता वेगळा, बाहेर जायचा वेगळा. सावली हवी, पिण्याचं पाणी हवं, रुग्णवाहिकेला मोकळी वाट हवी. साथीचे बहुतेक रोग पाण्यातून येतात, म्हणून पाण्यावर नजर ठेवा. मी हे सगळं डोक्यात भरून आणलं आणि आयुष्यभर पोरांना मैदानावर पळवलेल्या माणसाच्या डोक्यात गेल्यावर त्याचं जे व्हायचं ते झालं. मी देवळासमोरची जागा झाडून घेतली आणि चुन्याच्या फक्कीने आखली. येण्याचा पट्टा, हात धुण्याचं वर्तुळ, पंगतीचे चौकोन, बाहेर जायचा पट्टा. माझे जुने विद्यार्थी, आता मिशा पिकायला आलेले, मी स्वयंसेवक म्हणून उभे केले आणि प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी घातली.

बैठकीत मी हे समजावून सांगत होतो. सगळे माना हलवत होते. वांगेवाला मित्र खांबाला टेकून बसला होता.

“मास्तर,” तो म्हणाला, “आले इकडून, जेवले मधात, गेले तिकडून. बराबर हाय. पण लोकायनं हागाले कुठी जावं?”

बैठक खदखदून हसली. मीही हसलो. मग वर्गात हसतात तसं सगळ्यांचं हसू थांबेपर्यंत थांबलो आणि म्हणालो, “बाबा, लोक जेवायला येणार आहेत. जेवतील आणि घरी जातील. हा काही मुक्कामाचा कार्यक्रम नाही.”

“तसं म्हणता तं तसं,” तो म्हणाला. “मी आपलं इचारलं.”

त्या वर्षी तूरडाळ मी देणार होतो. शेत मी ठेक्याने दिलेलं, पण वाट्याला आलेली तूर भरडून डाळ घरात पडली होती. आमच्याकडे डाळीला किडा लागू नये म्हणून एरंडीचं तेल चोळून उन्हात वाळवतात. हे काम बायकोचं. ती तळहातावर जेमतेम ओल येईल इतकं तेल घ्यायची आणि डाळीच्या ढिगातून हात असा फिरवायची जसा लहान पोराच्या केसांतून फिरवावा. पण त्या चैत्रात ती मुलीच्या बाळंतपणाला नागपूरला होती. मी फोन केला.

“एरंडीचं तेल थोडंसंच चोळजा,” ती म्हणाली.

“थोडंसं म्हणजे किती?”

“थोडंसं म्हणजे थोडंसं! शिजवाच्या आधी कडक पाण्यानं धुतली का निघून जाते सारं. अन् पोरगी उठली, ठेवते फोन.”

थोडंसं हे काही माप नाही. मी विचार केला, डाळ गावाला जाणार, तिला कीड लागता कामा नये. कोपऱ्यातला तेलाचा मोठा डबा घेतला आणि सगळाच ओतला. शाळेत खेळाडूंना मालिश करायचो तशी त्या डाळीला मालिश केली. उन्हात ती अशी चमकली की शेजारची वहिनी कुंपणावरून म्हणाली, “सर, डाळ हाय का सोनं हाय?” मला फार बरं वाटलं.

भंडाऱ्याच्या आदल्या दिवशी गावच्या टाकीचं पाणी तपासलं, तर त्यात औषध कमी पडतं असं निघालं. मला शिबिर आठवलं. मी लगेच हुकूम काढला की टाकीच्या पाण्याने कच्चा माल धुवायचा नाही. पिण्यासाठी थंड पाण्याच्या कॅन येणार होत्या, त्या धुण्यात घालवायच्या नाहीत. भंडाऱ्याच्या पहाटे मित्राने वांगी स्वतःच्या विहिरीवर धुऊनच आणली, देठांवर पाण्याचे थेंब होते. राहिली डाळ.

आचारी हिंगणघाटकडचा, जाडजूड, बोलायला कमी. तो म्हणाला, “सर, डाळ धुवा लागते.”

“या पाण्यानं नाही.”

“मंग शिजवाची कोण्या पाण्यात?”

“याच. पण उकळून. उकळल्यावर जंतू मरतात.”

“मंग धुतल्यावरबी ते उकळतेच नं सर?”

मी शिट्टी वाजवली. शिट्टीचा हा एक मोठा उपयोग आहे, ती वाजवली की मुद्दा संपतो. आचाऱ्याने खांदे उडवले आणि डाळीचे कट्टे तसेच आधणात रिकामे केले.

थोड्या वेळाने त्यानेच मला कौतुकाने बोलावलं. “पाहा बाप्पा सर, एवढा गंज हाय, पण वरण काही फसफसून वर येऊन नाई राह्यलं. फेसच नाई!”

गंज म्हणजे मोठं पातेलं. त्यात वरण शिजताना फेस उतू जातो, म्हणून एक माणूस झारा घेऊन उभाच लागतो. त्या दिवशी त्याची गरज पडली नाही. मी जवळ उभ्या असलेल्या स्वयंसेवकाला म्हणालो, “नियोजन याला म्हणतात.”

लोक आले, अंदाजापेक्षा फार जास्त. पण आखणी चोख चालली. आत आले, हात धुतले, बसले, जेवले, मागच्या बाजूने बाहेर पडले. एकच अडचण आली, चपला येण्याच्या दाराशी आणि जाणं दुसऱ्या दाराने, त्यामुळे जेवलेले लोक तापलेल्या मातीवर एक पाय उचल, दुसरा उचल असे नाचत होते. मी माईकवरून सांगितलं की मंडपाला पूर्ण वळसा घालून चपला घ्याव्यात, उलट दिशेने येऊ नये.

वरणाला मागणी होती. लसणाची फोडणी खमंग बसली होती आणि वर तवंग होता. “बम तूप ओतलं सरायनं!” असं कोणीतरी म्हणालं, ते पंगतीपंगतीत पसरलं आणि लोक वरण वाट्या भरभरून प्यायले. आयोजकाने शेवटी जेवायचं असतं, पण मला भूक आवरली नाही. मी मंडपामागे आचाऱ्याजवळ बसून पोळी आणि वांग्याची भाजी खाल्ली, पोट भरून खाल्ली. वरण माझ्यापर्यंत उरलंच नव्हतं. गंजाच्या तळाचं वाढप्यांनी आधीच ओरपलं होतं.

मी हात धुऊन आलो तेव्हा सकाळी पहिल्या पंगतीत जेवून आता दुसऱ्यांदा बसलेले एक धिप्पाड गृहस्थ अर्धं जेवण टाकून उठले आणि येण्याच्या दाराकडे निघाले. स्वयंसेवकाने शिट्टी मारून हात आडवा केला.

“काका, इकडून नाई. वन वे हाय.”

“हट ना बाप्पा बाजूले!”

“सरायनं सांगतलं, उलटं कोणी जाचं नाई.”

“अरे सरायच्या! माह्या पोटातबी एकाच बाजूनं चालू हाय, थांबून नाई राह्यलं! सोड!”

त्यांच्या मागे दुसरे उठले. मग सकाळी जेवून मंडपाच्या सावलीत टेकलेली अख्खी रांग. स्वयंसेवक माझ्याच तालमीतले, त्यांनी कोणालाही उलट दिशेने जाऊ दिलं नाही. शिट्ट्या वाजत होत्या आणि लोक पोट धरून, मी आखलेल्या पट्ट्यातून, मी ठरवलेल्या दिशेने पळत होते. पुढची वाट मित्राच्या वाडीकडे जात होती. चैत्राचा महिना. तूर निघालेली, कापसाची पऱ्हाटी उपटलेली, सगळं शिवार तळहातासारखं उघडं. नजर जाईल तिथवर आडोसा म्हणावा असं हिरवं एकच होतं, मांडीपर्यंत वाढलेली वांग्याची झाडं.

पुढचं सभ्यपणे सांगायचं तर, वाडी भरली. पलीकडच्या वाफ्यांत बाया, अलीकडे माणसं, हे न सांगता ठरलं. झाडांतून फक्त डोकी दिसत होती, टोप्या, पागोटी, पदर. माझ्या हातात माईक होता आणि काहीतरी बोललं पाहिजे असं वाटत होतं. मी म्हणालो, “कृपया गडबड करू नये. पाणी सगळ्यांना मिळेल. झाडांना धक्का लावू नये.” वाडीतून कोणीतरी ओरडलं, “सर, माईक बंद करा, लाज वाटून राह्यली!”

रुग्णवाहिकेची वाट मी मोकळी ठेवली होती, तेवढं बरोबर झालं. आरोग्य केंद्राच्या तरुण डॉक्टर बाई आल्या, सोबत नर्स. वर्ध्याहूनही एक गाडी आली. मारुतीच्या पारावर खाटा टाकल्या, म्हाताऱ्या माणसांना सलाईन लावली, बाकीच्यांना मीठ-साखरेचं पाणी दिलं. कोणाच्या जिवाला धोका झाला नाही, हे मी आजही देवाला हात जोडून सांगतो. संध्याकाळपर्यंत बहुतेक सगळे उठून बसले. एक जख्ख म्हातारे तर म्हणाले की कितीक वर्षांत इतकं हलकं वाटलं नव्हतं, दरसाल असाच भंडारा करा.

याच वेळी आचारी माझ्याजवळ आला. हाताला राख माखलेली.

“सर, गंज घासून राह्यलो, पण तेल सुटून नाई राह्यलं. कोणतं तेल हाय हे?”

मी गंजाच्या आत बोट फिरवलं आणि नाकाशी नेलं. लहानपणी आई मला आणि भावंडांना ओळीने बसवायची, नाक दाबायची आणि चमचा तोंडात उपडा करायची. पोट साफ करायचा तो दिवस. तो वास माणूस विसरत नाही. फोडणीच्या लसणाखाली तोच वास होता. वरणाला फेस का आला नव्हता ते कळलं आणि मला बायकोचा फोन आठवला. कडक पाण्यानं धुतली का निघून जाते सारं.

“असेल कोणतंतरी,” मी आचाऱ्याला म्हणालो.

तेवढ्यात डॉक्टर बाई आल्या. त्या प्रत्येकाला विचारत होत्या, काय खाल्लं, काय खाल्लं नाही. त्या म्हणाल्या, “सर, आजारी माणसं सगळंच खाल्लंय म्हणतात. मला असा माणूस हवाय जो जेवला, पण ज्याला काहीच झालं नाही. तो काय जेवला हे कळलं की बाकीचं कळेल. तुम्ही ठणठणीत दिसताय. तुम्ही काय खाल्लं?”

फक्त वांगी आणि पोळी. एवढं म्हणायचं होतं. वांगी निर्दोष सुटली असती आणि गंजाकडे बोट गेलं असतं. मी पोटात वांगी घेऊन उभा होतो, माझ्या हाताला अजून भाजीचा वास होता.

“मी?” मी म्हणालो. “मी अजून जेवलोच नाही.”

हे वाक्य तोंडातून निघालं आणि ते ऐकून माझे विद्यार्थी गहिवरले. “सर सकाळपासून उपाशी हाय! या उन्हात!” मला धरून खाटेवर आडवं केलं. मी नको म्हणत होतो, पण उपाशी माणसाच्या नको म्हणण्याला किंमत नसते. त्या गोंधळात नर्सने सलाईन लावली. माझं पोट तुडुंब होतं, मला ढेकर येत होता आणि तो मी गिळत होतो. तेवढ्यात कोणीतरी फोटो काढला. तोच तो भिंतीवरचा.

तपासायला नमुना न्यायचा होता. वरण संपलेलं, भात संपलेला, गंज राखेने घासलेला. उरली होती फक्त वांग्याची भाजी. म्हणून तिचा नमुना गेला. त्याचं पुढे काय झालं हे गावात कोणाला कळलं नाही, पण गावाने त्याची वाट पाहिली नाही. नमुना वांग्याचा नेला म्हणजे दोष वांग्याचा, इतकं ते सोपं होतं.

दुसऱ्या दिवशी पारावर सगळे जमले. मित्र तिथे आला, चेहरा उतरलेला. तोही आदल्या दिवशी स्वतःच्या वाडीत बसून आला होता, स्वतःच्याच तुडवलेल्या झाडांत.

“फवारा मारला असन,” एकजण म्हणाला.

“आईची आण, भंडाऱ्याच्या वाफ्याले मी फवारा मारत नाई,” तो म्हणाला. “अन् आयका नं, मी काल वांगे खाल्लेच नाई. वरणभातच खाल्ला. तरी मले लागली. मंग वांग्याचं कसं म्हणता?”

मला वाटलं, सुटला. आणि खरं सांगतो, मला वाटलं, मी सापडलो.

मग सोसायटीचे माजी अध्यक्ष सावकाश म्हणाले, “म्हणजे तू सोताचे वांगे सोता खाल्ले नाई?”

“नाई. आमच्या घरी रोजच असते वांगं. खाऊन खाऊन इटलो मी.”

“लोकायले खाऊ घातले अन् सोता नाई खाल्ले.”

“अवो पण मले बी तं...”

“काऊन नाई खाल्ले, हा मुद्दा हाय.”

आणि सगळ्यांनी माना हलवल्या. वांगेवाला स्वतःची वांगी खात नाही. यापेक्षा मोठा पुरावा कोणता? ज्या गोष्टीने तो सुटायचा त्याच गोष्टीने तो अडकला. कोणीतरी माझ्याकडे वळून विचारलं, “सर, तुम्हाले काय वाटते?” मी म्हणालो, “झालं गेलं सोडून द्या.” सगळ्यांना माझं मन मोठं वाटलं.

तेव्हापासून भंडाऱ्याला कोहळ्याची भाजी होते. वांगं नको हा ठराव एकमताने झाला, माझाही वर झालेला हात धरून. बाजारात बाया मित्राच्या ढिगासमोर थांबायच्या, वांगं उलटून पाहायच्या आणि विचारायच्या, “भंडाऱ्याचे तं नाई नं?” पोरं त्या वांग्यांना ‘जुलाबी’ म्हणायची. एक-दोन हंगाम त्याने रेटून पाहिलं. मग वांगी सोडली आणि पालक, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, लावायला लागला. पालेभाजीला कोणी ओळखत नाही, असं तो म्हणायचा.

भंडाऱ्यानंतर महिनाभराने मी त्याच्या घरी गेलो होतो, सांगायचं ठरवूनच गेलो होतो. त्याने खाट टाकली, वहिनींनी चहा आणला. मी तोंड उघडायच्या आधी तो खाली मान घालून म्हणाला, “मास्तर, एक बोलाचं होतं तुह्याशी.”

“बोल ना.”

“तू एवढी मेहनत घेतली. फक्की मारली, पोट्टे उभे केले, उपाशी राह्यला. अन् माह्या वांग्यापायी सारं इस्कटलं. मी रातभर इचार करतो, खतात काही आलं असन का, इहिरीत काही पडलं असन का. समजून नाई राह्यलं. पण तुहं नाव खराब झालं माह्यानं. माफ करजो गा.”

बशीतला चहा मी तसाच धरून बसलो होतो. तेव्हा सांगता आलं असतं. त्यापेक्षा चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती.

“असू दे,” मी म्हणालो. “असं होतं.”

मी त्याला माफ केलं. माझ्या हातून आयुष्यात घडलेल्या गोष्टींत एवढी विचित्र दुसरी नाही. तो बिचारा हलका झाला, वाडीपर्यंत मला पोचवायला आला आणि जाताना पिशवीभर सांबार दिला.

फोटो छापून आल्यामुळे मला आसपासच्या गावांतून बोलावणी येऊ लागली. कुठे सप्ताह, कुठे जत्रा. गर्दी आणि आरोग्य या विषयावर मी बोलायचो. शौचालयांची सोय आधी करा, चपला बाहेर जायच्या दाराशी हलवा, उन्हाची वेळ टाळा. हे सगळं मी खरंच शिकलो होतो. आणि प्रत्येक भाषणात मी एक गोष्ट ओरडून सांगायचो: डाळ कडक पाण्याने धुवा, पुन्हा धुवा, पुन्हा धुवा. ऐकणाऱ्यांना वाटायचं म्हाताऱ्याला डाळीचा नाद आहे. एका गावात तर मला पाहून पोरं म्हणाली, “आले डाळवाले सर.” मला ते नाव आवडलं. तेवढ्यापुरतं कोणीतरी मला खऱ्या नावाने हाक मारली असं वाटलं.

बायकोला मात्र कळलं होतं. नागपूरहून आल्यावर तिने रिकामा डबा पाहिला, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “डाळ धुतली होती नं?” मी म्हणालो, पाण्यात औषध कमी होतं. तिने डबा उपडा करून ठेवला. मग म्हणाली, “जाऊन सांगा त्यायले.” नंतर दर काही महिन्यांनी तेच एक वाक्य ती म्हणायची. पुढे पुढे तिने तेही सोडलं.

मागच्या वर्षी मित्राला सेवाग्रामच्या दवाखान्यात ठेवलं होतं. मी भेटायला गेलो. तो वाळून गेला होता, पण जीभ जागेवर होती.

“मास्तर, शिट्टी आणली का? इथी लय गर्दी हाय, जरा रांगेत लाव सायच्यायले.”

मी हसलो. त्याचा मुलगा औषध आणायला गेला आणि आम्ही दोघंच उरलो. मी खुर्ची पुढे ओढली.

“तुझं ते बी आहे का अजून? आईच्या वेळचं?” मी विचारलं. इथून सुरुवात करावी असं ठरवलं होतं.

“हाय मडक्यात. पण मेलं ते. अवंदा चार दाणे टाकून पाह्यले वाफ्यात, एकबी उगवलं नाई. बी लावत राहा लागते गा. नाई लावलं का मरते.” मग तो छताकडे पाहत म्हणाला, “जाऊ दे. लोकायच्या जिवापेक्षा बी मोठं हाय का? झालं ते बरंच झालं, पुन्हा कोणाले त्रास नाई झाला.”

मुलगा औषध घेऊन परत आला. मी खुर्ची मागे सरकवली.

पंधरवड्याच्या आत तो गेला.

तेरवीला माणसं पुष्कळ येणार होती. त्याचा मुलगा माझ्याकडे आला, “काका, नियोजन तुम्हीच पाहा.” दुसरं कोणाला सांगणार? या कामातला तालुक्यातला जाणता माणूस मीच. मी गेलो तेव्हा वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. त्यांनी मला जवळ बोलावलं.

“भाऊजी, एक इचारू? हे जाच्या आधी म्हणले, माह्या तेरवीले वांग्याचीच भाजी करजो. पोरगा वर्ध्याच्या बाजारातून वांगे आणाले तयार हाय. पण लोक खातीन का हो आमच्या घरचे वांगे?”

“खातील,” मी म्हणालो.

“तुम्ही सांगाल नं त्यायले?”

“सांगतो,” मी म्हणालो.

त्या दिवशी मी फक्की मारली नाही. डाळ माझ्यासमोर कडक पाण्याने धुऊन घेतली, पाणी निवळ निघेपर्यंत. चपला हलवल्या. पंगत बसली, पत्रावळीवर भाजी वाढली गेली. आणि सगळ्या पंगतीचे हात पोळीवर, भातावर, वरणावर फिरत होते, भाजीला कोणी बोट लावत नव्हतं. ओट्यावरून वहिनी बघत होत्या. मुलाने माझ्या हातात माईक दिला. “काका, दोन शब्द.”

माझ्यासमोर सगळं गाव होतं. पारावरचे ते अध्यक्ष होते, ‘जुलाबी’ म्हणणारी पोरं होती, बाजारात वांगी उलटून पाहणाऱ्या बाया होत्या. मी माईक तोंडाशी नेला आणि म्हणालो, “सगळ्यांनी सावकाश जेवावं. पाणी सगळ्यांना मिळेल.”

मग माईक खाली ठेवला, पंगतीच्या टोकाला बसलो आणि सगळ्यांसमोर वांग्याची भाजी खायला लागलो. पहिला घास, दुसरा घास, पुन्हा वाढून घेतली. आजूबाजूला कुजबुज झाली. “सर खाऊन राह्यले.” “एवढं होऊनबी सर खाऊन राह्यले, पाहा.” “मन लागते बाप्पा एवढं मोठं.” आणि एकेक करून सगळे खायला लागले. वहिनींनी दुरून मला हात जोडले.

मी जेवत होतो. ते वांगं त्याचं नव्हतं, बाजारचं होतं, बेचव. मान खाली होती आणि ओठ हलत होते, शेजारच्याला वाटलं मी चावतो आहे. मी ते वाक्य म्हणत होतो, जे मला डॉक्टर बाईंसमोर, पारावर, त्याच्या खाटेवर चहा पिताना, दवाखान्यात आणि आत्ता माईकवर म्हणता आलं नाही:

तुहे वांगे चांगले होते गा. डाळ माही होती. माफ करजो.